आधीं उत्तर, मग गणित

नागपूर शहरांत सीताबर्डीवर 'झिरो माइल' या नांवानें ओळखला जाणारा एक वालुकाश्माचा स्तंभ आहे. त्याच्या शेजारचे चार घोडे जितके लक्षांत राहतात, तितका तेथील सर्वेक्षणाचा दगड कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. भारताचा मध्यबिंदु म्हणून लोक ही जागा पाहुण्यांना दाखवितात, छायाचित्र काढतात आणि बर्डीच्या बाजाराकडे वळतात. परंतु क्षणभर थांबून वाचणाऱ्याला तेथें एक विलक्षण आंकडा आढळतो. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही १९०७ सालची प्रमाण-खूण असून समुद्रसपाटीपासून तिची उंची १०२०.१७१ फूट दिलेली आहे. फुटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारें पोस्टकार्डाची जाडी. समुद्र येथून शेकडों मैल दूर. वाटेंत डोंगर, नद्या, जंगलें. मग इतक्या आंत, देशाच्या पोटांत उभें राहून पोस्टकार्डाच्या जाडीची भाषा बोलण्याचें धैर्य मापणाऱ्यांना कोठून आलें?

याचें उत्तर त्यांच्या कामाच्या रीतींत सांपडतें. उंची मापण्याचें महत्त्वाचें काम सर्वेक्षण खात्यांत दोन निरीक्षकांवर सोंपविलेलें असे. दोघांचीं यंत्रें वेगळीं, वह्या वेगळ्या. एकाच्या मागोमाग दुसऱ्यानें तीच उंची स्वतंत्रपणें मापावयाची आणि टप्प्याटप्प्यावर दोघांचे आंकडे ताडून पाहावयाचे. फरक ठरीव मर्यादेबाहेर गेला कीं पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं. तेथेंच फिरून मापावयाचें. चूक झालीच तर ती एका टप्प्याच्या आंत सांपडे. शंभर मैल चालून गेल्यावर 'कोठें तरी चुकलें आहे' असें म्हणत मागें फिरण्याची पाळी येत नसे.

या सर्वेक्षणाचा आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्बटन. १८०२ सालीं मद्रासजवळ त्यानें एक आधाररेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण रचीत त्याचें काम पुढें सरकत गेलें. त्रिकोणांचें गणित कागदावर बिनचूक दिसतें. परंतु लॅम्बटन केवळ कागदावर विसंबला नाहीं. कांहीं अंतर गेल्यावर तो दुसरी एक रेषा निवडी, तिची लांबी गणितानें किती यावयास पाहिजे तें काढी, आणि तीच रेषा सांखळीनें जमिनीवर मोजी. सात-सात मैलांच्या रेषेंत दोन उत्तरांमधील फरक कांहीं इंचांचाच निघाला, म्हणजे मागील सर्व त्रिकोणांवर विश्वास ठेवावयाचा. १८१५ सालीं बिदरजवळ अशी एक रेषा मोजली गेली. पुढें नागपूरकडे येत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें लॅम्बटनला मृत्यु आला. त्याची कबर तेथेंच आहे. काम मात्र थांबलें नाहीं. मागून येणाऱ्याला कोठून आरंभ करावा हें ठाऊक होतें, कारण कोठपर्यंतचें काम पडताळलेलें आहे हें लिहून ठेवलेलें होतें.

आज त्याच सीताबर्डीवर नागपूर मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना भेटतात. प्रवासी मोबाईलवर तिकीट काढतो. रस्त्याच्या कडेचा विक्रेता क्यूआर कोडची पाटी पुढें करतो आणि पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जातात. या व्यवहारांत माणसाचा हात दिसत नाहीं. पण त्या प्रत्येकामागें कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची क्रमवार यादी, असते. कचेरींतील कारकुनाला विसंगत हुकूम मिळाला तर तो निदान साहेबांना विचारून येईल. संगणक विचारावयास जात नाहीं. जें लिहिलें असेल तें तो करतो. चुकीचें लिहिलें असेल तर चुकीचें करतो, आणि तेंहि तितक्याच तत्परतेनें, दिवसांतून लक्षावधि वेळां. म्हणूनच लॅम्बटनला त्रिकोणांविषयीं जो प्रश्न पडला होता तोच आज प्रोग्रॅमरांपुढें उभा आहे: जें रचलें तें खरें आहे, हें कळावें कसें?

मोठा प्रोग्रॅम एकसंध नसतो. शिंपी ज्याप्रमाणें बाह्या, कॉलर आणि खिसे वेगवेगळे बेततो आणि मग जोडतो, त्याप्रमाणें प्रोग्रॅमहि लहान लहान भागांचा बनलेला असतो. एक भाग तारीख काढतो, दुसरा भाडें ठरवितो, तिसरा पावती छापतो. अशा भागाला 'युनिट' म्हणतात. तो भाग सुटा घेऊन, त्याला ठराविक प्रश्न विचारून, अपेक्षित उत्तर येतें कीं नाहीं हें पाहणें म्हणजे 'युनिट टेस्टिंग'. यांतील विशेष असा कीं, हा प्रश्न विचारणारा परीक्षकहि एक छोटा प्रोग्रॅमच असतो. एकदां लिहून ठेवला कीं तो हजारों प्रश्न पाहतां पाहतां विचारतो, आणि रोज पन्नास वेळां विचारावयास लावलें तरी कंटाळत नाहीं.

याच्या पुढची पायरी 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट' या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्यांत टेस्ट आधीं लिहावयाची आणि प्रोग्रॅम मागून. शाळेंत याच्या उलट शिकविलें जातें. आधीं गणित सोडवावें, मग पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील उत्तराशीं ताडून पाहावें; आधींच तें पान उघडणारा मुलगा लबाड ठरतो. येथें मात्र शेवटचें पान प्रथम लिहावयाचें, तेंहि स्वतःच्या हातानें. असें करण्यांत कोणतें शहाणपण आहे, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

समजा, एखाद्या तरुण प्रोग्रॅमरला सांगितलें कीं, सनाचा आंकडा दिला असतां तें वर्ष लीप आहे कीं नाहीं हें सांगणारा एक भाग लिही. 'चारानें भाग गेला कीं लीप' हा शाळेंतील नियम आठवून घाई करणारा मनुष्य क्षणांत मोकळा होईल. चांचणी आधीं लिहिणारा तसें करीत नाहीं. तो प्रथम एकच प्रश्न लिहितो: २०२३ हें लीप वर्ष आहे काय? अपेक्षित उत्तर: नाहीं. प्रोग्रॅम अजून लिहिलेलाच नसल्यामुळें टेस्ट नापास होते आणि पडद्यावर तांबडी खूण उमटते. हें पहिलें नापास होणें निरर्थक नव्हे. वाण्याचा तराजू पारडें रिकामें असतांनाहि शेरभर वजन दाखवूं लागला, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? त्याचप्रमाणें जी टेस्ट कधींच नापास झालेली नाहीं, ती खरोखर कांहीं तपासते कीं नाहीं याची खात्री देतां येत नाहीं.

आतां तो अगदीं थोडें लिहितो: वर्ष कोणतेंहि असो, उत्तर 'नाहीं'. टेस्ट उत्तीर्ण होते. खूण हिरवी होते. हा प्रकार पोरकट वाटेल. पण जितकें मागितलें होतें तितकें दिलें, अधिक नाहीं. मग दुसरा प्रश्न: २०२४? अपेक्षित उत्तर: होय. खूण पुन्हां तांबडी. आतां 'चारानें भाग गेला तर होय' हा नियम घालणें भाग पडतें, आणि दोन्ही प्रश्न हिरवे होतात. तिसरा प्रश्न: १९००? ग्रेगोरियन कालगणनेप्रमाणें शतकाचें वर्ष सामान्यतः लीप नसतें. म्हणून अपेक्षित उत्तर: नाहीं. चारानें मात्र १९०० ला भाग जातो! खूण तांबडी. घाईनें मोकळा झालेला तो पहिला प्रोग्रॅमर नेमका येथें उघडा पडला असता. शंभरानें भाग जाणारीं वर्षें वगळली कीं तिन्ही प्रश्न हिरवे. चौथा प्रश्न: २०००? या वर्षाला चारशेनें भाग जातो, म्हणून तें लीप. पुन्हां तांबडें, पुन्हां दुरुस्ती, पुन्हां हिरवें.

चारहि खुणा हिरव्या झाल्यावर तो लिहिलेलें आवरतो. नांवें सुबोध करतो, द्विरुक्ति काढतो, वाक्यें सरळ करतो. प्रत्येक फेरबदलानंतर चारहि प्रश्न पुन्हां विचारले जातात, त्यामुळें आवरतांना कांहीं मोडलें तर तें तत्काळ कळतें. तांबडें, हिरवें, आवराआवर: या तीन पावलांचें हें चक्र दिवसांतून कितीदां तरी फिरतें. चार प्रश्न लिहितां लिहितां त्या प्रोग्रॅमरला लीप वर्षाचा नियम नुसता वापरावयास मिळाला नाहीं, तर पुरता समजला. आधीं उत्तर लिहावयाचें म्हणजे आपल्याला नक्की काय पाहिजे हें आधीं ठरवावयाचें. बहुतेक चुकांचें मूळ तें न ठरविण्यांत असतें.

१९०० सालचा हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. १९८३ सालीं बाजारांत आलेल्या 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या प्रोग्रॅमनें १९०० हें लीप वर्ष धरलें होतें. पुढें मायक्रोसॉफ्टनें 'एक्सेल' केलें, तेव्हां लोटसमधील जुन्या हिशेबांशीं मेळ राहावा म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आजहि एक्सेल १९०० सालच्या फेब्रुवारीची, कधीं न उगवलेली, २९ तारीख खरी मानतें. चूक जुनी झाली, तिच्यावर इतरांचे हिशेब उभे राहिले, कीं ती काढणेंहि दुरापास्त होतें. याच कंपनीच्या 'झ्यून' नांवाच्या गाणीं ऐकविणाऱ्या यंत्राची गोष्टहि अशीच आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजीं त्याच्या एका जातीचीं यंत्रें जगभर एकाएकीं गोठलीं. दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणारा त्यांतील भाग लीप वर्षाच्या ३६६ व्या दिवशीं एका फेऱ्यांत अडकून बाहेरच पडत नसे. त्या एका दिवसाचा एक प्रश्न जर आधीं विचारला असता, तर तो अपघात कारखान्यांतच थांबला असता.

गाणें एक दिवस बंद पडलें तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं. पण हींच यंत्रें रुग्णालयांतहि असतात. कर्करोगावर किरणोपचार करणारें 'थेरॅक-२५' हें यंत्र कॅनडामध्यें तयार झालें होतें. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका आणि कॅनडा येथील सहा रुग्णांना त्यानें मर्यादेच्या कितीतरी पट किरणांची मात्रा दिली. त्यांतील कांहीं दगावले. आधींच्या यंत्रांत धोका अडविणाऱ्या स्वतंत्र यांत्रिक कळी होत्या. येथें त्या काढून सारा भरंवसा प्रोग्रॅमवर टाकला होता, आणि त्यांतील बराच भाग जुन्या यंत्रांवरून उचललेला होता. एके ठिकाणीं तपासणी करावयाची कीं नाहीं हें एका लहानशा आंकड्यावरून ठरे. तो आंकडा प्रत्येक फेरीला एकानें वाढे. पण त्याची जागा इतकी अपुरी होती कीं, दर २५६ व्या फेरीला तो फिरून शून्य होई, आणि शून्य म्हणजे 'तपासणी नको'. त्या क्षणींच कळ दाबली गेली तर यंत्र न तपासतां चालू होई. जानेवारी १९८७ मधील एक अपघात असाच घडला. या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केला. सुट्या भागांची चांचणी अत्यल्प झाली होती आणि बहुतेक भर सबंध यंत्र चालवून पाहण्यावर होता, असें त्यांत नमूद आहे. सबंध यंत्र शेकडों वेळां चालविलें तरी तो एक क्षण हातीं लागेलच असें नाहीं. सुट्या भागाला '२५६ व्या फेरीला काय?' एवढाच प्रश्न विचारला असता तर उत्तर तत्काळ मिळालें असतें.

चांचणी आधीं लिहिण्याची कल्पना वरवर नवी दिसली तरी तिचीं मुळें जुनीं आहेत. अमेरिकेनें पहिला अंतराळवीर पाठविण्यासाठीं हातीं घेतलेल्या मर्क्युरी योजनेंत, १९६० च्या सुमारास, अर्ध्या अर्ध्या दिवसाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याच्या चांचण्या आधीं लिहिल्या जात. या रीतीला आजचें रूप देणारे केंट बेक हे आपण ती शोधून काढल्याचें सांगत नाहींत; फिरून शोधल्याचें सांगतात. एका जुन्या पुस्तकांत त्यांनीं वाचलें होतें कीं, आधीं अपेक्षित उत्तरांची फीत हातानें तयार करावी, आणि प्रोग्रॅममधून निघणारी फीत तिच्याशीं तंतोतंत जुळेपर्यंत काम करावें. बेक यांनीं प्रथम 'स्मॉलटॉक' या संगणक-भाषेसाठीं चांचणीचें साधन केलें. पुढें १९९७ सालीं झुरिचहून अटलांटाला जाणाऱ्या विमानांत शेजारीं बसून त्यांनीं आणि एरिक गामा यांनीं 'जावा' भाषेसाठीं 'जेयुनिट' लिहिलें. आज बहुतेक प्रत्येक संगणक-भाषेंत त्या साधनाचीं भावंडें आहेत.

या रीतीवर सर्वांत मोठा आक्षेप वेळेचा. जितकें काम तितकीच तपासणी लिहावयाची, म्हणजे दुप्पट श्रम, असें व्यवस्थापक म्हणतात. आणि तें अगदींच खोटें नाहीं. आयबीएममधील एक व मायक्रोसॉफ्टमधील तीन अशा चार गटांच्या कामाचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. चांचणी आधीं लिहिणाऱ्या या गटांच्या प्रोग्रॅममध्यें, तशाच इतर कामांच्या मानानें, दोष ४० ते ९० टक्क्यांनीं कमी आढळले. मात्र आरंभींचा वेळ गटांच्या अंदाजानें १५ ते ३५ टक्क्यांनीं वाढला. चार गटांवरून साऱ्या जगाचा निर्णय करतां येत नाहीं. तथापि सौद्याचें स्वरूप त्यावरून कळतें: आज थोडा अधिक वेळ द्यावयाचा आणि उद्यांचा पुष्कळ मनस्ताप चुकवावयाचा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं फार पूर्वींच बजावून ठेवलें होतें कीं, चांचणीनें चूक असल्याचें दाखवितां येतें, चूक नसल्याचें सिद्ध करतां येत नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल टेस्ट मुकीच राहते. शिवाय अपेक्षित उत्तरच चुकीचें लिहिलें तर प्रोग्रॅमहि त्या चुकीला निष्ठेनें अनुसरतो. आळशी मनुष्य काय करतो? आधीं प्रोग्रॅम लिहितो, तो जें उत्तर देईल तेंच टेस्टमध्यें उतरवितो, आणि हिरवी खूण पाहून समाधान मानतो. आरोपीलाच साक्षीदार करण्यासारखें हें आहे.

महाराष्ट्रांतील ज्योतिर्गणितज्ञांना हा धोका पांचशें वर्षांपूर्वींच कळला होता. कोंकणांतील नांदगांवचे केशव दैवज्ञ यांनीं ग्रहांचे प्रत्यक्ष वेध घेऊन कोणत्या ग्रंथाचें गणित आकाशाशीं जुळतें हें ताडून पाहिलें. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं १५२० सालीं 'ग्रहलाघव' रचला तो याच परंपरेवर. गणित आणि आकाश यांचा मेळ बसणें याला 'दृक्प्रत्यय' असा अर्थपूर्ण शब्द आहे. ग्रहणाची वेळ पंचांगांत आधीं छापलेली असते. खरें काय तें आकाश ठरवितें, पंचांगकर्ता नव्हे. टेस्टमधील उत्तरहि असेंच प्रोग्रॅमच्या बाहेरून आलें पाहिजे: कायद्यांतून, दरपत्रकांतून, हातानें केलेल्या हिशेबांतून.

आणखी एक मर्यादा झिरो माइलच्या दगडावरच वाचावयास मिळते. तेथें हैदराबाद ३१८ मैल असें कोरलेलें आहे. मैलांची संवय सुटलेल्या कोणीं तो आंकडा किलोमीटर म्हणून धरला, तर सुमारें ५१२ किलोमीटरच्या वाटेसाठीं तो ३१८ किलोमीटरचेंच पेट्रोल भरील. दगड बरोबर, गाडी बरोबर. चूक दोहोंच्या मध्यें. मंगळाभोंवतीं फिरण्यासाठीं पाठविलेलें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नेमकें याच तऱ्हेनें नष्ट झालें. एका बाजूचा प्रोग्रॅम रेट्याचे आंकडे पौंडांच्या मापांत देत होता. दुसरी बाजू ते न्यूटनच्या मापांत धरीत होती. म्हणून सुटे भाग तपासल्यावर त्यांचे सांधेहि तपासावे लागतात. मेट्रोचा प्रत्येक मार्ग आपापल्या जागीं निर्दोष असून भागत नाहीं. सीताबर्डीच्या स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला दुसऱ्या मार्गाची गाडी मिळाली पाहिजे.

इतक्या मर्यादा असूनहि या रीतीचें मोल कमी होत नाहीं, आणि तें ज्याला सर्वांत अधिक कळतें तो म्हणजे नुकताच नोकरीला लागलेला तरुण. त्याच्या हातीं कोणा अपरिचितानें दहा वर्षांपूर्वीं लिहिलेला प्रोग्रॅम येतो. लिहिणारा कधींच दुसरीकडे गेलेला असतो. एक ओळ बदलावयाची असते. पण ती बदलल्यानें दूरच्या कोणत्या कोपऱ्यांत काय कोसळेल हें सांगणारा कोणी नसतो. मग भीतीनें तो जुन्याला हात लावीत नाहीं, शेजारीं नवें ठिगळ जोडतो; पुढचा त्यावर आणखी एक. याच प्रोग्रॅमबरोबर जर हजार टेस्ट ठेवलेल्या असतील, तर तो ओळ बदलतो, टेस्ट चालवितो आणि एका मिनिटांत आपण कोठें उभे आहोंत हें त्याला कळतें. गेलेला मनुष्य जणूं प्रत्येक भागाशेजारीं सांगून गेलेला असतो कीं, येथें मला हें अभिप्रेत होतें.

सर्वेक्षणाचे दगड याच हेतूनें पुरलेले असतात. सीताबर्डीवरची ती खूण ज्यांनीं बसविली, त्यांचीं नांवें येणाऱ्याजाणाऱ्याला ठाऊक नाहींत. पण मागून येणाऱ्याला उंची मापावयाची असली, तर त्याला पुन्हां समुद्रापर्यंत जावें लागत नाहीं. तो त्या दगडापासून आरंभ करतो. कोणत्याहि लिहिलेल्या प्रोग्रॅमजवळ असा एक तरी दगड असावा, आणि तो काम संपल्यावर नव्हे, काम सुरू होण्यापूर्वीं पुरलेला असावा.